दारूच्या पैशावर शाळा

मे २०२० आठवतोय? लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं उघडली, रांगा लागल्या आणि सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच जोक फिरला: आम्ही पीत नाही, अर्थव्यवस्था सांभाळतोय. मीही तो फॉरवर्ड केला होता. नंतर मुंबई प्रांताचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं, शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे ही चक्क सरकारी व्यवस्था होती. फक्त 'अर्थव्यवस्था'च्या जागी 'शाळा' टाका.

दारूवरच्या कराला तेव्हा अबकारी म्हणत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळणं सरकारच्या मुठीत गेलं. ताडीच्या झाडावर कर बसला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंधनं आली. लोकांनी दारू सोडावी म्हणून नव्हे हां! कर चुकवून कुणी घरी गाळू नये म्हणून. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये त्यांनी गावातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. आणि दोनच वर्षांनी हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि सरकार शिक्षणावर खर्च करतं तो वरच्या वर्गांसाठी.

पण खरी गोम आहे १९१९ च्या कायद्यात. इन्कम टॅक्स आणि कस्टम्स, म्हणजे वाढणारा पैसा, दिल्लीकडे. प्रांतांकडे उरलं काय? मुख्यतः शेतसारा, स्टॅम्प आणि अबकारी. मुंबईत अबकारीतून साधारण पाव उत्पन्न यायचं. त्यातही पोलीस आणि तिजोरी गव्हर्नरच्या माणसांकडे, आणि शिक्षण, आरोग्य, अबकारी ही खाती निवडून आलेल्या भारतीय मंत्र्यांकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी शाळेचं मॉड्यूल दारूच्या मॉड्यूलवर हार्डकोड करून ठेवलं होतं. एक काढलं की दुसरं क्रॅश.

रँग्लर परांजपे बघा. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, फर्ग्युसनचे प्राचार्य. १९२१ मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९२३ मध्ये, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आणि १९२७ मध्ये हेच गृहस्थ अबकारी खात्याचे मंत्री! एवढा मोठा गणिती, पण हे गणित त्यांनाही सुटण्यासारखं नव्हतं. दारूबंदी मागणारे आणि सक्तीचं शिक्षण मागणारे बहुतेक वेळा एकच लोक होते.

१९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हे दुखणं उघडपणे मांडलं: मुलांना शिकवायचं तर हाताशी फक्त दारूचा पैसा आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. 'नई तालीम' म्हटलं की आपल्याला चरखा आणि मातृभाषा आठवते, पण तिच्यामागे हा हिशोबही होता. गांधीजींचं म्हणणं असं की मुलं हस्तोद्योग शिकतील, त्यांनी बनवलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघेल, आणि मग दारूची गरजच नाही.

तिथे मुंबईचे प्रोफेसर के. टी. शहा उभे राहिले आणि त्यांनी या स्वावलंबनाच्याच मुद्द्यावर हरकत घेतली. मला शहांचं पटतं. हस्तोद्योगातून शिकणं छान, पण पगार त्यावर अवलंबून असेल तर मास्तर मुलाकडे विद्यार्थी म्हणून बघणार की कामगार म्हणून? बाप दारू पिऊन फी भरत होता, आता पोरगं सूत कातून भरणार. गरिबाच्या घरातून पैसा काढायचा थांबलाच नाही.

मुंबईत मात्र बाळासाहेब खेरांनी तिसरी वाट काढली. खेर प्रांताचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्याला तेव्हा असंच म्हणत) आणि शिक्षणमंत्रीही होते. दारूबंदीची जबाबदारी होती डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि दारू-ताडीच्या धंद्यात पारशी दुकानदार भरपूर. घरच्यांच्या शिव्या खायचं काम! बुडणारं उत्पन्न भरून काढायला सरकारने शहरातल्या स्थावर मालमत्तेवर भाड्याच्या मूल्याच्या १० टक्के कर लावला. म्हणजे बिल पहिल्यांदाच घरमालकांकडे गेलं. साहजिकच आरडाओरडा झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, पण कर टिकला.

१ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. महिन्याभरात दुसरं महायुद्ध पेटलं आणि नोव्हेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तीन-एक महिन्यांत कसला रिझल्ट दिसणार?

१९४६ मध्ये खेर परत आले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा घेऊन आले. आजही आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो तो याच कायद्यामुळे. त्याच कायद्याखाली सरकार पुन्हा दारूवर कमाई कशी करायला लागलं, ते पुढच्या भागात.