स्टेंटवरचे औषध आणि तुमची रोजची गोळी

"डॉक्टर, स्प्रिंग बसवली, छातीत दुखायचं थांबलं. मग रक्त पातळ ठेवायची गोळी अजून कशाला?" अँजिओप्लास्टीनंतर हा प्रश्न अनेकांना पडतो. तुम्हालाही पडला असेल, तर त्याचे उत्तर स्टेंटच्या इतिहासातच आहे.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 38 वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा फुग्याने उघडला. छाती उघडावी लागली नाही, रुग्ण पूर्ण जागा होता. मात्र अशा साधारण 10 पैकी 3 ते 4 रुग्णांची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून 1986 मध्ये धातूची बारीक जाळी, म्हणजेच स्टेंट, आत बसवायला सुरुवात झाली. वाहिनीची भिंत आता जाळीने तोलून धरली. पण जखम भरताना जसा वण उठतो, तशा पेशी वाढून जाळीच्या आतच अडथळा होऊ लागला.

याचा उपाय सापडला मातीत! 1964 मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेने प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या जिवाणूपासून बुरशी मारणारे द्रव्य वेगळे केले. बेटाच्या 'रापा नुई' या स्थानिक नावावरून ते 'रापामायसिन' झाले. आज त्यालाच सिरोलिमस म्हणतात. ते पेशींची वाढ रोखते, हे पुढे लक्षात आले आणि 1999 मध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी ते पोटातून घ्यायचे औषध म्हणून आले.

मग हृदयरुग्णांनाही गोळीच का दिली नाही? कारण पोटातून घेतलेले हे औषध सर्व शरीरात पसरते आणि प्रतिकारशक्ती कमी करते. आपल्याला तर ते रक्तवाहिनीच्या दोन-तीन सेंटीमीटर भागातच हवे. म्हणून स्टेंटवरच औषधाचा पातळ थर दिला गेला. एका स्टेंटवरचे सगळे औषध एक मिलिग्रॅमही भरत नाही आणि त्यातले बहुतांश पहिल्या महिन्याभरात भिंतीत उतरते. डिसेंबर 1999 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात असा पहिला स्टेंट बसवला गेला. 2002 मध्ये 238 रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात 26.6 टक्के रुग्णांमध्ये पुन्हा अडथळा दिसला. औषधी स्टेंटच्या गटात एकातही नाही.

आनंद मोठा होता, पण 2006 च्या सुमारास एक धोका ठळकपणे पुढे आला. जे औषध नको असलेली वाढ रोखते, तेच जाळीवर यायला हवे असलेले नैसर्गिक अस्तरही उशिरा येऊ देते. तोपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. काही रुग्णांमध्ये ती अनेक महिन्यांनी झाली आणि गोळ्या मध्येच बंद करणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आजच्या स्टेंटच्या तारा अधिक पातळ आहेत, धोकाही बराच कमी झाला आहे. पण तो शून्य नाही.

म्हणूनच ती गोळी! दोन गोळ्यांचा काळ साधारणतः 6 ते 12 महिने असतो, नंतर बहुधा एक चालू राहते. तुमचा नेमका काळ तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया असो, त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. बरे वाटते आहे याचा अर्थ आतले अस्तर पूर्ण झाले, असा नाही.