नळीतली खरवड आणि इथेनॉलचा हिशेब

आजचा विषय जरा चमत्कारिक वाटेल: नळीच्या आत साचणारा थर. पण एका मोठ्या वादाचा धागा तिथवर जातो.

अमेरिकेत मका दळून, शिजवून, आंबवून त्यातून इथेनॉल काढतात. मागे उरते ते पातळ पाणी. आपल्या डिस्टिलऱ्यांतल्या स्पेंटवॉशचा मक्याचा भाऊच म्हणा. त्यात घन पदार्थ साधारण ५ ते १० टक्के. ते आटवून पाक करायचा, चोथ्यात मिसळायचा, वाळवायचा आणि गुरांचा खुराक म्हणून विकायचा.

आटवण्याची ही रीत मात्र उसाच्या रसासाठी जन्मली. न्यू ऑर्लिन्सचे नॉर्बेर रिलिए हे कृष्णवर्णीय अभियंते. त्यांचे पेटंट १८४३ चे. तोवर लुइझियानात गुलाम माणसे उकळता रस एका उघड्या कढईतून दुसरीत ओतत. रिलिए म्हणाले, पहिल्या भांड्याची वाफ फुकट का दवडायची? तिनेच दुसरे तापवा. दुसऱ्यात दाब कमी ठेवला की रस कमी तापमानालाच उकळतो. आपले साखर कारखाने आजही याच तत्त्वावर चालतात.

आता या बचतीला एक अट आहे. वाफ आणि रस यांमधली धातूची भिंत स्वच्छ हवी. दूध आटवताना पातेल्याला खरवड धरते ना? तसेच मक्याची प्रथिने, तेल, तंतू आणि क्षार नळीला चिकटतात. थरातून उष्णता नीट जात नाही. मग तेवढेच पाणी आटवायला वाफ अधिक तापवावी लागते. शेवटी काम थांबवून कॉस्टिक सोड्याने नळ्या धुवाव्या लागतात.

यात एवढे काय? १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलला करसवलत दिली. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी वापर सक्तीचा केला. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल म्हणत राहिले की, मिळते त्याहून जास्त ऊर्जा यात खर्च होते. २००२ मध्ये तिथल्या कृषी खात्याने उलट उत्तर दिले: एकाला १.३४. पिमेंटेल यांचे आक्षेप खतांवर आणि शेतीवरही होते, हे खरे. पण दोन्ही हिशेबांत कारखान्यातली वाफ ही मोठी रक्कम आहे.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इथे एक गोष्ट खटकते. ‘इथेनॉल फायद्याचे का?’ असे विचारताना आपण तो त्या पदार्थाचा गुण समजतो, साखरेच्या गोडीसारखा. तसे नाही. उत्तराचा काही भाग त्या नळ्या कोण, कधी आणि किती धुतो यावर ठरतो. फायद्याचा अंश इतका बारीक असेल, तर देखभाल ही तळटीप राहत नाही.

आपल्याकडेही आता मक्याचे इथेनॉल होते आहे. तेव्हा किती लिटर निघाले एवढ्यावर थांबू नका. त्यासाठी वाफ किती लागली, हेही विचारा.