पेणची माती आणि मेमरी चिप

पेण, हमरापूर, जोहे भागात एका वर्षीचं विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू होतं. माती, प्लास्टर, रंग यांचे पैसे आधी जातात. गिऱ्हाईक नंतर येतं. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कारखान्यांत बरंच काम होऊन पडलं होतं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. जुलैत सरकारने सार्वजनिक मूर्तीला ४ फूट आणि घरगुती मूर्तीला २ फूट अशी मर्यादा घातली. त्याहून उंच मूर्ती पडून राहणार, हे उघड होतं.

शिल्लक मालाचं गणित सोपं आहे. समजा, एका कारखान्यात दरवर्षी १००० मूर्ती खपतात. यंदा ८०० खपल्या, २०० उरल्या. पुढच्या वर्षीही ८००च खपतील असं धरलं, तर नव्या मूर्ती करायच्या फक्त ६००. विक्री घटली २० टक्क्यांनी, मातीची ऑर्डर मात्र ४० टक्क्यांनी. ही माती गुजरातेतून येते. ती पाठवणाऱ्याला पेणचं गिऱ्हाईक दिसत नाही, फक्त ऑर्डर दिसते.

एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९६१मध्येच हे मांडलं होतं. पुढे त्याला 'बुलव्हिप' नाव पडलं: आसुडाच्या मुठीला छोटा हिसका द्यावा आणि टोक लांबवर फेकलं जावं, तसं.

कम्प्युटरच्या धंद्यात २०२०मध्ये सुरुवात उलटी झाली. घरून काम आणि ऑनलाइन शाळा यांमुळे मागणी वाढली, चिपा मिळेनात, म्हणून कंपन्यांनी सुटे भाग भरून ठेवले. २०२१मध्ये जगभरात सुमारे ३५ कोटी पीसी गेले, २०२२मध्ये सुमारे २९ कोटी. २०२३च्या पहिल्या तिमाहीत ही संख्या वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होती. मेमरी चिपा बनवणाऱ्या मायक्रॉनचं उत्पन्न साधारण त्याच काळात निम्म्याहून खाली आलं. त्यात फोन आणि सर्व्हरचाही वाटा होता. पण तिथेही आधी साठलेला माल संपवणं चालू होतं. इंटेलने त्या तिमाहीत सुमारे २८० कोटी डॉलरचा तोटा दाखवला, तोवरचा तिचा सर्वांत मोठा.

मायक्रॉनने उत्पादन आणि नोकऱ्या कापल्या, आणि ती तगली. पेणच्या कारखानदाराकडे मात्र कर्जाचा हप्ता असतो आणि मूर्ती ठेवायला भाड्याची शेड. रोह्याजवळच्या धाटावमधले, दुसऱ्या कारखान्यांसाठी रसायनं बनवणारे उद्योगही आसुडाच्या टोकाकडेच उभे आहेत. मंदीच्या बातमीत विक्रीचा आकडा दिसतो. माल कुणाच्या गोदामात अडकलाय, हे त्यात नसतं; पुढच्या वर्षी कुणाचं काम जाणार, ते मात्र त्यावरच ठरतं.