कप्पा

मावशीच्या रिपोर्टात 'कप्पा' होता. "कसला रे कप्पा?" तिनं विचारलं. तिला मायलोमा झाला होता. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी प्रतिपिंडांची एकाच प्रकारची हलकी साखळी रक्तात ओतत होत्या. मी म्हटलं, "ग्रीक अक्षर आहे." उत्तर बरोबर होतं, पण तिच्या काही कामाचं नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलकी कप्पा तरी असते किंवा लॅम्डा तरी. ही नावं ग्रीक दिसली तरी मुळात के आणि एल आहेत. १९५६ साली मायलोमाच्या प्रथिनांत हा भेद दाखवणाऱ्या कॉर्नगोल्ड आणि लिपारी यांची ही आद्याक्षरं.

वाढती बी पेशी आधी जड साखळी जुळवते, मग सहसा कप्पाचं जनुक उघडते. तिथं जमलं नाही तर लॅम्डाकडे वळते. पण बंद जनुक उघडायची वेळ झाली, हे तिला कळतं कसं?

१९८६च्या ऑगस्टमध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एक धागा सापडला. कप्पा जनुकाच्या आत त्याचा आवाज वाढवणारा एक तुकडा आहे. त्यातल्या दहा अक्षरांना चिकटणारं एक प्रथिन त्यांना कप्पा बनवणाऱ्या पेशींच्या केंद्रकात दिसलं, इतर पेशींत नाही. नाव ठेवलं एनएफ-कप्पा-बी. अगदी रास्त नाव.

ते रास्तपण डिसेंबरपर्यंतच टिकलं. उंदराच्या एका पेशीवंशात जड साखळी तयार असते आणि कप्पा मुका. त्याला जिवाणूंच्या कवचातला पदार्थ दिला की हे प्रथिन केंद्रकात उगवे. नवी प्रथिनं बनणं औषधानं बंद पाडलं तरीही. म्हणजे ते आधीपासूनच आत होतं, बांधून ठेवलेलं! त्याच लेखात ते टी पेशींत आणि हेला पेशींतही जागं झालं, आणि या पेशींचा कप्पाशी काही संबंध नाही. बांधून ठेवणारं प्रथिन, आय-कप्पा-बी, १९८८मध्ये बॉयरले आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं. पुढं एनएफ-कप्पा-बी जवळजवळ सगळ्या पेशींत निघालं.

मला सर्वांत गंमत वाटली ती २००४च्या एका प्रयोगाची. उंदराच्या कप्पा जनुकात नेमकी ती दहा अक्षरं बिघडवली, आणि जनुकाची जुळणी सुरळीत चालली. शेजारच्या 'ई बॉक्स' नावाच्या दोन जागा बिघडवल्यावर मात्र ती अडखळली. ज्या कामावरून नाव पडलं, त्यातल्या जुळणीच्या टप्प्यावर त्या जागेवाचून काही अडलं नाही. नाव अर्थातच तसंच राहिलं.

मावशीला बोर्टेझोमिब देतात. पेशीतली प्रथिनं मोडणारं यंत्र ते बंद पाडतं. त्यामुळे आय-कप्पा-बी मोडत नाही आणि एनएफ-कप्पा-बी बांधलेलंच राहतं. हा त्या औषधाच्या अनेक परिणामांपैकी एक. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कप्प्याला कुलूप."

दुसऱ्या फेरीनंतर रिपोर्ट आला. कप्पाचा आकडा मी आधी दोनदा वाचला, मग तिला फोन लावला.