नाकपुडीतला कापडाचा बोळा

आपल्या भाषेत नाकाला फार मोठा मान आहे. भल्या माणसाने नाकासमोर चालावे, घराण्याचे नाक खाली जाऊ देऊ नये, एखाद्याने फसवले तर त्याचे नाक दाबावे म्हणजे तोंड उघडते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण तर आपण येता-जाता वापरतो. ती ऐकून सगळे हसतात. जिच्या नाकात खरोखर काही उणे आहे ती मुलगी त्या हसण्यात सामील नसते, हे इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही मला फार उशिरा कळले.

माझी भाची गोंदियातच लहानाची मोठी झाली. जन्माला आली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला होता. बाळ पाहायला आलेल्या प्रत्येक बाईने माझ्या बहिणीला एकच प्रश्न विचारला, "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" बहीण महिनाभर रडत होती. ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. गर्भ दीड-दोन महिन्यांचा असताना चेहऱ्याचे वेगवेगळे भाग पुढे येऊन एकमेकांना जुळतात. ते जुळणे कुठे अपुरे राहिले की ओठ किंवा टाळू दुभंगते. त्यात आईची चूक नसते.

काही महिन्यांतच ओठाची शस्त्रक्रिया झाली आणि ओठ छान जुळला. नाक मात्र तसेच राहिले. नाकाच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी कमानीसारखी मऊ कूर्चा असते. ओठ दुभंगलेल्या बाजूची कमान पसरते, बसते, आणि मधला पडदाही वाकडा होतो. भाचीची उजवी नाकपुडी नीट उभी होती आणि डावी आडवी पसरलेली. नथ घालायची ती नेमकी डाव्या नाकपुडीत. घरातल्या लग्नाच्या फोटोंमध्ये ही मुलगी नेहमी कडेला, उजवा गाल पुढे करून उभी असायची. ते माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

एकोणिसाव्या वर्षी तिने घरात विषय काढला की नागपूरला जाऊन नाक नीट करून घ्यायचे आहे. तिची आजी म्हणाली, "देवाने दिलं ते नाक." मी त्याहून वाईट बोललो. ही सिनेमावाल्यांची थेरं आहेत, तू अभ्यासात लक्ष दे, असे म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामाजी, तुम्ही इतिहास शिकवता ना जी? मग हे कधीपासून करतात, तेवढं तरी बघून सांगा."

मी बघितले. जे सापडले त्याने माझीच मान खाली गेली.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले आहे. पत्राखाली 'बी. एल.' एवढीच आद्याक्षरे आहेत. त्यात कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकिगत आहे. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करी. १७९२ साली संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुटून आल्यावर कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले, पण वर्षभर तो नाकाशिवायच वावरला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ते पत्राबरोबर छापले गेले.

नाक बसवणारा हा माणूस वैद्य म्हणून ओळखला जाणारा नव्हता. पत्रात त्याची ओळख विटा करणाऱ्या जातीचा एवढीच दिली आहे. म्हणजे आपल्या भाषेत कुंभार. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे छापली गेली, चित्रकाराचे नाव राहिले, रुग्णाचेही राहिले. ज्याच्या हातात ही कला होती त्याचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

त्याची रीत मात्र पत्रात बारकाईने दिली आहे. आधी मेणाचा पातळ तुकडा उरलेल्या नाकावर बसवून नव्या नाकाचा आकार घ्यायचा. तो तुकडा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली पट्टी तोडायची नाही, कारण तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळणार. मग ती कातडी फिरवून खाली आणायची आणि जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून, त्यांच्या मागे घेतलेल्या चिरेत बसवायची. वरून काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हा कात म्हणजे तोच, जो आपण विड्याला लावतो. आपल्या जंगलातल्या खैराच्या लाकडापासून निघतो तो. चार दिवसांनी कात काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. साधारण पंचविसाव्या दिवशी, नवे नाक जगले की भुवयांमधली पट्टी कापायची.

हे सगळे वाचताना मी एका वाक्याशी थांबलो. दहाव्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या पुरेशा उघड्या राहतील. विटा करणाऱ्या त्या माणसाला ठाऊक होते की नुसते नाक उभे करून भागत नाही. जखम भरताना आक्रसते, नाकपुड्या मिटत जातात, आकार बिघडतो आणि श्वासही कोंडतो. दोन नाकपुड्या नीट राखणे हेच खरे अवघड काम.

आणखी मागे गेलो तर सुश्रुतसंहिता. तिच्यातली कातडी कपाळाची नाही, गालाची आहे. माप घ्यायला मेणाऐवजी झाडाचे पान आहे. पण नाकपुड्यांत दोन नळ्या घालून नाक उचलून धरायचे, हे तिथेही सांगितले आहे. एवढेच नाही, तर जखम भरल्यावर नाक कमी पडले तर वाढवण्याचा प्रयत्न करावा आणि मांस जास्त वाढले तर ते सारखे करावे, असेही त्यात म्हटले आहे. नाक डौलदार आणि सारखे दिसावे, ही काळजी त्या ग्रंथकाराला थेरं वाटली नव्हती.

पुण्याची ही रीत पुढे जगभर गेली. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी त्या पत्रामुळे या विषयात लक्ष घातले, १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रुग्णांवर पुस्तक लिहिले. कपाळाची कातडी वापरण्याच्या या पद्धतीला आजही सर्जन 'इंडियन फ्लॅप' म्हणतात. आपल्याकडे जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास शहा यांनी एकोणिसाव्या शतकात, दरोडेखोरांनी नाके कापलेल्या शेकडाभर माणसांची नाके याच वाटेने उभी केली.

आणि आपल्यापासून रेल्वेने दोन-तीन तासांवरच्या नागपूरलाही या विद्येचा इतिहास आहे, हे मला माहीत नव्हते. देशातल्या प्लास्टिक सर्जरीच्या सुरुवातीच्या विभागांपैकी एक डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उभा केला. दुभंगलेला ओठ, दुभंगलेले टाळू आणि दोन्ही एकत्र, अशी त्यांनी केलेली वर्गवारी आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणून डॉक्टरांना शिकवतात. माझ्या भाचीसारख्या मुलांचा विचार इथे, आपल्या दाराशी झाला होता.

हे सगळे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "कावसजीला कोणी नखरे म्हटलं असेल का जी?" मी उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर नागपूरला गेलो.

सर्जनने सगळे उघड सांगितले. चेहऱ्याची वाढ पूर्ण झाली आहे, त्यामुळे आता शस्त्रक्रिया करता येईल. मधला पडदा सरळ करू, त्यातलीच थोडी कूर्चा घेऊन टेकू देऊ, बसलेली कमान उचलून दुसऱ्या बाजूशी टाक्यांनी जोडू. पण दोन्ही नाकपुड्या तंतोतंत सारख्या होतील असे वचन देणार नाही, कारण तशा कोणाच्याच नसतात. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागेल. ज्या डॉक्टरने आधी मर्यादा सांगितली त्याच्यावर माझा विश्वास बसला. जाहिरातीत खात्री देणाऱ्यांपासून मात्र दूरच राहावे.

घरी आल्यावर भाचीला काही महिने रात्री नाकपुडीत सिलिकॉनची छोटी नळी घालून झोपावे लागले. पहिल्या रात्री बहिणीने घाबरून विचारले, हे कशाला? मी म्हटले, नाकपुडी मिटू नये म्हणून. सुश्रुताच्या ग्रंथात नळी होती, पुण्याच्या कुंभाराकडे कापडाचा बोळा होता, आता सिलिकॉन आहे. काम तेच.

आज तिची डावी नाकपुडी उजवीहून किंचित रुंद आहे. नीट पाहिले तरच कळते. रात्री तोंड उघडे ठेवून झोपायची सवय गेली, याचा तिला जास्त आनंद आहे. नथ ती क्वचितच घालते. म्हणते, टोचते. फोटोत मात्र आता मधोमध उभी राहते.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असे बाळ जन्मले, तर आईला ग्रहणाबद्दल विचारू नका. बाळाला लवकर डॉक्टरांकडे न्या. दुभंगलेल्या ओठाच्या आणि टाळूच्या उपचारांचा समावेश २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, त्याची चौकशी सरकारी दवाखान्यात करा. आणि तेच बाळ मोठे होऊन नाकाबद्दल काही बोलू लागले, तर माझ्यासारखे उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्याचे ऐकून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)