‘चंचल’ विद्यार्थी आणि शाळेचा निर्णय : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक विवेचन

लहान मूल वर्गात घटकाभर एकाग्र असते आणि पुढच्याच क्षणी शून्य नजरेने पाहू लागते; हसतखेळत असता अकस्मात चिडते किंवा मुके होते. अशा मुलाला शाळेने पूर्वापार ‘चंचल’ हा शब्द लावला. हजेरीपटावर उपस्थितीची नोंद झाली, अवधानाची मात्र कधीच झाली नाही. त्यामुळे या प्रश्नाचा इतिहास मुलाच्या वर्तनाच्या नोंदींतून लिहिता येत नाही. त्या वर्तनाची कोणती कारणे मानली गेली, यावरून तो लिहावा लागतो. कर्जत व खालापूर या तालुक्यांचे उदाहरण त्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये कर्जतचा समावेश होता. पुढे हा प्रदेश कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. गॅझेटिअरकारांची पद्धती जातीजमातींचे ‘स्वभाव’ सांगण्याची होती. व्यक्तीच्या वर्तनाचे मूळ जमातीत शोधण्याची ही सवय शाळेपर्यंत पोहोचली असल्यास नवल नाही. या पद्धतीत जमातीचे अर्थजीवन मात्र दुय्यम ठरले. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढत गेली, तसतसा तो मागे पडला आणि कोळसाभट्टी, वीटभट्टी व शेतमजुरी यांचा आश्रय घ्यावा लागला. दिवाळीनंतर कुटुंबे भट्ट्यांवर जात व पावसाळ्याच्या तोंडावर परतत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे ते निम्म्यावर येण्यापूर्वीच मुलाचे वर्गातील स्थान सुटे. परतलेल्या मुलाला धडा अनोळखी, पुस्तकाची भाषा घरच्या बोलीहून निराळी. त्याचे लक्ष उडणे शाळेला आकस्मिक वाटले तरी त्यामागे कित्येक महिन्यांचा क्रम होता.

शासकीय चौकशीच्या सीमाही येथे विचारात घ्याव्या लागतात. १९३५ च्या कायद्यान्वये ठरलेल्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर यांचा अंतर्भाव झाला. कर्जत-खालापूरचा झाला नाही. सिमिंग्टन यांचा १९३९ चा अहवाल याच क्षेत्रांविषयी होता. याच सुमारास, १९३७ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. कर्जत मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर. तथापि महानगरातील मुलाचे वर्तन तज्ज्ञांच्या चिंतनाचा विषय होत असता, त्याच लोहमार्गावरील वाडीतल्या मुलाचे वर्तन स्वभावदोष म्हणूनच गणले जाण्याचा संभव अधिक होता.

या दृष्टीला पहिला ठोस छेद ठाणे जिल्ह्यातच मिळाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य कोसबाडच्या वारली वस्तीत नेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांमागे जाणारी ‘कुरणशाळा’ यांतून एक तत्त्व सिद्ध झाले : मूल शाळेशी जुळत नसेल, तर प्रथम शाळा तपासावी. माँटेसरीबाईंनीही असे दाखविले होते की सकाळच्या कामात मध्येच येणारी अस्वस्थता हा खरा थकवा नव्हे. मोठ्या एकाग्रतेपूर्वीची ती एक अवस्था असते. शिक्षकाने तेथे घाईने हस्तक्षेप केल्यास पुढील एकाग्रता हरपते.

परंतु सामाजिक कारणमीमांसेलाही मर्यादा आहे. १९३५ मध्ये गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी मेंदूच्या विद्युत्-आलेखाद्वारे अपस्माराच्या एका प्रकाराचे विशिष्ट चिन्ह दाखविले. यात मूल खाली पडत नाही. काही सेकंद स्तब्ध होते, हाकेला ओ देत नाही आणि नंतर काही घडलेच नाही अशा रीतीने काम पुढे चालू करते. असे मूल ‘जमातीने चंचल’ म्हणून दुर्लक्षिले गेले काय किंवा ‘स्थलांतराने त्रस्त’ म्हणून सहानुभूतीस पात्र ठरले काय, औषधोपचारापासून ते सारखेच वंचित राहते. उलट, रक्तक्षयाने किंवा उपासमारीने येणारी ग्लानी अशी क्षणात येऊन क्षणात ओसरत नाही. दोहोंतील भेद निरीक्षणावाचून कळत नाही.

पुढील काळात शाळेच्या हाती अधिक साधने आली. १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत रक्तक्षय, दृष्टी व श्रवण यांतील दोष, आकडी आणि अवधानाचे विकार यांचा समावेश आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले व ५७ जण बेपत्ता राहिले. अशा आघातातून वाचलेले मूल वर्गात एकाएकी गप्प झाले, तर त्याला कोणता शब्द लावावा, हा प्रश्न केवळ इतिहासाचा उरत नाही.

सारांश, ‘चंचल’ हे निदान नव्हे; निदान टाळण्याचा तो एक मार्ग होता. भूक, स्थलांतर, परकी भाषा, शोक आणि व्याधी या पाच भिन्न गोष्टी त्या एका शब्दात सामावल्या गेल्या. त्या विलग करण्यास मोठ्या सामग्रीची गरज नाही. बदल जेवणापूर्वी झाला की नंतर, किती सेकंद वा किती दिवस टिकला, मूल भट्टीवरून परतून किती काळ लोटला, एवढी नोंद शिक्षकाने ठेवली तरी तपासणीस येणाऱ्या वैद्याचे अर्धे काम होते. हजेरीपटाने जे कधी विचारले नाही, ते विचारण्याचा तो आरंभ ठरेल.