निवही सागरी प्राण्यांची आयुर्मर्यादा
प्रवाळ, ब्रायोझोआ व काही ॲसिडियन या सागरी प्राण्यांत मुकुलनाने निर्माण झालेले जीवक (घटक प्राणी) परस्परांशी जोडलेले राहतात. अशा समूहास निवह म्हणतात. जीवक मरतात, पण निवह टिकून राहतो. त्यामुळे वार्धक्याच्या क्रमविकासाच्या अभ्यासात या प्राण्यांना विशेष महत्त्व आहे.

झिजलेल्या व्यक्ती नाहीशा होणे जातीच्या हिताचे असल्याने नैसर्गिक निवडीने मृत्यू आला, असे मत आउगुस्ट व्हाइसमान यांनी १८८१ मध्ये मांडले. ते पुढे मागे पडले. पीटर मेडावर (१९५२) यांनी दाखविले की, भक्षक व अपघात यांमुळे थोडेच प्राणी उतारवयापर्यंत जगतात. म्हणून त्या वयात अपाय करणाऱ्या जीनांवर निवडीचा प्रभाव क्षीण असतो. तरुणपणी उपकारक असलेले जीन पुढे अपायकारक ठरले, तरी निवडले जातात, अशी भर जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये घातली. बाह्य कारणांनी होणारे मृत्यू जितके अधिक तितके वार्धक्य लवकर, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले.

या विचारात अन्न व जागा यांना पुरेसे स्थान नव्हते. मर्यादित अन्न देहाची दुरुस्ती व प्रजोत्पादन यांत विभागावे लागते, हे टॉमस कर्कवुड यांनी १९७७ मध्ये स्पष्ट केले. मृत्यू वाढले की दाटी कमी होऊन उरलेल्यांना अधिक साधने मिळतात. त्यांचा लाभ कोणत्या वयाला होतो यावर निवडीची दिशा अवलंबून असते, असे पीटर एब्रॅम्स यांनी १९९३ मध्ये दाखविले.

बॉट्रिलस श्लॉसेराय या ॲसिडियनात सुमारे आठवड्याने जुने जीवक एकाच वेळी मरतात. भक्षिकोशिका त्यांचे अवशेष पचवितात व ते द्रव्य नव्या मुकुलांच्या कामी येते. अमेरिकेतील वुड्स होल येथे रिचर्ड ग्रोसबर्ग यांना या जातीचे दोन आनुवंशिक प्रकार आढळले (१९८८). एक प्रकार लवकर व एकदाच प्रजोत्पादन करून मरतो आणि वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत विपुल असतो. दुसरा अनेकदा प्रजोत्पादन करतो व उन्हाळ्याच्या अखेरीस वाढतो. एकाच निवहाचे तुकडे वेगळे वाढविले, तरी ते जवळजवळ एकाच सुमारास मरतात, असे १९९२ मध्ये दिसून आले. म्हणजे निवहालाही आनुवंशिक आयुर्मर्यादा असू शकते.

याउलट, वरून गळणाऱ्या सेंद्रिय कणांवर जगणाऱ्या हवाई बेटांजवळील खोल पाण्यातील लिओपॅथीस या काळ्या प्रवाळाच्या एका निवहाचे वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने सुमारे ४,२६५ वर्षे ठरविण्यात आले (२००९). त्याची वाढ अत्यंत मंद असते. दीर्घायुष्याचे श्रेय केवळ अन्नाच्या टंचाईला देता येत नाही; जागेचे स्थैर्य व मृत्यूचा धोका यांचाही विचार करावा लागतो. मात्र अशा निवहांची हानी मानवी कालमानात भरून येत नाही. म्हणून तळ खरवडणारी मासेमारी व दागिन्यांसाठी होणारी प्रवाळांची तोड यांवर नियंत्रण आवश्यक ठरते.